जाणकारांचा पाइप

आयुष्यभर सुतारकाम करून मी प्रणितला शिकवलं. आता माझा हा मुलगा माजिवड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून तंबाखू ओढायचे लाकडी पाइप कोरतो. मी जरा हात लावायला गेलो की म्हणतो, "बाबा, तुम्ही खाटा-कपाटं केलीत. हे आर्ट आहे." स्वतः तो ओढत नाही, बायकोने शपथ घातली आहे. तरी याच धंद्यासाठी त्याला चांगली नोकरी सोडायची होती.

"आधी जाणकारांना ओढून बघू दे, मग काय ते ठरव," सूनबाई समिधा म्हणाली.

म्हणून रविवारी त्याचे तीन मित्र आले. घोडबंदरचे, पाइपचे शौकीन, आपापल्या तंबाखूच्या डब्या घेऊन. नव्या पाइपच्या वाटीत तंबाखू भरून, काडी लावून, एकेकाने डोळे मिटून झुरके घेतले.

"कसला स्मूथ आहे यार!"

"विकतच्याला ही चव नाही."

तिसरा तर म्हणाला, "प्रण्या, तू अजून नोकरीत काय करतोयस?"

प्रणितने त्यांच्यासमोरच मोबाइलवरून राजीनामा पाठवला. समिधा चहा ठेवायला उठली. जाणकारांना विचारायचं तिनेच तर सुचवलं होतं.

पाहुणे गेल्यावर साफ करायला मी पाइप उचलला आणि धूर ओढायच्या दांडीच्या भोकात तार घातली. ती मध्येच अडली.



दांडीचं भोक वाटीपर्यंत पोचलेलंच नव्हतं.