मालनबाईंच्या दाराची खुंटी

द्वारका चौकातल्या माझ्या दुकानात मी मालनबाईंच्या जुन्या गाडीला अलार्म आणि सेंट्रल लॉक बसवत होतो. त्यांचे यजमान खंडेराव गेल्यापासून गाडी त्यांचा भाचा ललित चालवतो. तो माझ्याशेजारीच उभा होता. मालनबाई पुढे डावीकडे बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"हे माझा पदर आत आलाय का ते बघायचे," त्या म्हणाल्या, "मग वाकून माझ्या दाराची खुंटी दाबायचे. तोवर गाडी हलायची नाही. आता तुमचं मशीन दाबणार म्हणे."

मी बाहेरून रिमोट दाबला. तीन दारांच्या लॉकच्या खुंट्या खटकन खाली गेल्या. मालनबाईंची वरच राहिली.

मी कपाळावर हात मारला. त्या दाराची खुंटी ओढणारी मोटर टेबलावर तशीच पडली होती. चहाच्या नादात बसवायचीच राहिली. मी ती उचलून आणली.

"काकू, उतरा जरा, काम राहिलंय."

त्यांचं लक्ष नव्हतं. पदराचं टोक दारात अडकलं होतं. दार उघडून त्यांनी ते आत घेतलं, दार पुन्हा लावलं आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघून हलकेच म्हणाल्या, "घेतला हो."

मोटर माझ्या हातात होती, मालनबाईंचे दोन्ही हात मांडीवर. खुंटी सावकाश खाली गेली.