उजव्या पंखाशी

"अगं बाय, तुझ्या उजव्या पंखाशीच आहे मी!" फोनच्या स्पीकरवरून अप्पा ओरडले.

शलाकाने संगणकाच्या पडद्यावर डोळे ताणले. उजवीकडे नुसतं निळं आभाळ. चिपळूणचे अप्पा आणि पुण्यातली ती, दर रविवारी खेळातल्या एकाच आभाळात आपापली विमानं उडवत. निवृत्तीमुळे एसटीचं स्टिअरिंग सुटलेल्या अप्पांनी महिनाभर विमान उतरवायचा सराव केला होता. आज ते लेकीला दाखवायचं होतं.

"सर्व्हर तोच निवडलाय ना, अप्पा?"

"सगळं तेच. मला तू दिसतेस की! लवकर बघ, इंधन संपत आलंय."

तिने इंटरनेट तपासलं, सर्व्हर पुन्हा जोडून पाहिला. मांडीवरची दहा महिन्यांची लेक दुपट्याने तोंड झाकून आपण लपलोय अशा खुशीत होती. सेटिंग चाळता चाळता शलाका थबकली. 'इतर विमाने दाखवा' यापुढची बरोबरची खूण तिनेच पुसली होती.

"अप्पा, मीच तुम्हाला बंद केलंय. गेल्या रविवारी फार जवळ आलात, वाटलं धडकताय."

"वा गं! समोरून ट्रक आला की माझ्या गाडीतही अशीच डोळे मिटायचीस."

तिने ती खूण पुन्हा केली. पडद्यावर उजव्या खिडकीला खेटूनच पांढरंशुभ्र विमान! तिचे डोळे गच्च मिटले.

"बुवाऽऽ कुक!" अप्पा म्हणाले.

मांडीवरचं दुपटं भिरकावलं गेलं, खळखळून हसू आलं. शलाकाने डोळे उघडले, आणि अप्पांची चाकं धावपट्टीला टेकेपर्यंत पापणीही लववली नाही.