दोन्ही खांद्यांवरचा पदर

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायला पेन उघडलं. "हार्मोनच्या गोळ्यांनी हा घाम, अंगाची आग बरीच कमी होईल. फक्त एक सांगा, कुंदाताई. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता?"

"छे, कुणालाच नाही," रुमालाने मान पुसत कुंदा म्हणाली. पाळी थांबल्यापासून धड झोप नव्हती. कधी एकदा ती गोळी हातात पडते, असं तिला झालं होतं.

शेजारी आई बसली होती, नेहमीसारखा दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून. सोलापूरच्या उन्हाळ्यातही तो कधी सैल झाला नव्हता. आमची आई जुन्या वळणाची, असं कुंदा कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

"थांबा बाई, लिहू नका," आई म्हणाली आणि तिने पदर खाली सोडला. पोलक्याची डावी बाजू सपाट होती.

"तू तिसरीत असताना तुला मामाकडे ठेवलं होतं बघ. तेव्हा काढला. तुम्हा दोघी बहिणींची लग्नं व्हायची होती. तुझे बाबा म्हणाले, कुठं बोलायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. आधी तपासण्या करू, हार्मोनशिवाय दुसरीही औषधं आहेत, असं त्या समजावत होत्या. कुंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगातून पुन्हा आग उसळली, कपाळ घामाने डबडबलं.

आईने पदर परत लपेटला नाही. त्याचं टोक हातात धरून ती लेकीला वारा घालत राहिली.