गाडीतला गारवा

गोव्याच्या इस्पितळापर्यंतचा रस्ता आजारी बायकोला उन्हात सोसवत नव्हता, म्हणून बाबी तांडेलाने गाडीच्या एसीत घरीच गॅस भरायला घेतला. "माका बांगड्यासारखी बर्फात घालून न्या," ती पुढच्या सीटवरून म्हणाली. "गप गो! थंडगार करूनच नेतंय तुका," तो हसला. इंजिन, एसी चालू ठेवून त्याने पाइपला डबा जोडला. उघड्या बॉनेटमुळे ती दिसत नव्हती. तिची जात्यावरची ओवी तेवढी ऐकू येत होती. मग ओवी थांबली. गारव्याने डोळा लागला असेल, त्याला बरं वाटलं. डब्यावरच्या मीटरवर त्याचा भरवसा नव्हता. होडीवर उभा जन्म त्याने मासळीचा गारवा हातानेच पारखला होता. दाराशी येऊन त्याने तिचा हात धरला. थंडगार होता. "जमला गो मथुरा, निघूया!" बॉनेट लावून तो गाडीत बसला. त्याने एसीसमोर तळवा धरला. वारा गरमच होता.