आठ, सव्वाआठ, साडेआठ

आठ वाजता. तापमान चार. वारा वायव्येचा, झोत मारणारा.

"बोला भाऊजी," खालून फोनवर वहिनी म्हणाली.

"गिरणीचं धुराडं दिसतंय. पूल दिसत नाही. पुलापलीकडचं काहीच नाही."

"पूल दिसत नाही," वहिनीने नियमाप्रमाणे परत म्हटलं. "म्हणजे?"

"म्हणजे थांबवा."

उन्हाळा लागून दहा दिवस झाले होते आणि डोंगराला अजून ते कोणी सांगितलं नव्हतं. घटकेत ऊन, घटकेत गारा. धाकटा खिंडीतल्या ठाण्यात हवामान बघायचा. थोरला घाटातून बस न्यायचा. थोरल्याची बायको दरीतल्या चौकीवर फोन घ्यायची. चौकी म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक फोन, एक वही, खिडकीबाहेर घाटाचं फाटक.

वरच्या वहीत फक्त आकडे जायचे. बस सोडा की थांबवा, हे खालच्या वहीत. पुढे वाद झाला तर खालची खरी, असा नियम होता.

"तुमचे दादा इंजिन चालू करून बसलेत," वहिनी म्हणाली. "बस भरलीय. माझ्याकडे असे बघतायत, जसं काही धुकं मीच शिजवलंय."

धाकटा हसला नाही. "लिहिलंत?"

"लिहिलं."

मग त्याने फोन ठेवला.

सव्वाआठ. तापमान सहा. वारा पडलेला.

पूल दिसला. पुलापलीकडची शाळेची पांढरी भिंतही दिसली. घाटाचा रस्ता ठाण्याच्या खिडकीखालूनच जायचा. कडेचं गवत डांबरावर आलं होतं. तिसऱ्या वळणावरचा कठडा तेवढा नवा होता, बाकीचा जुनाच.

धाकट्याने कान दिला. घाटातून इंजिनाचा आवाज आल्यासारखा वाटला. तो उभा राहिला. आवाज थांबला. तो बसला. पुन्हा आला. छपरावरून पाणी पिंपात पडत होतं.

त्याने फोन फिरवला.

"इथं लख्ख ऊन आहे हो," वहिनी म्हणाली. "वाळत घातलेले कपडे वाळलेसुद्धा. तुम्ही वर बसून उगाच भीती घालता."

"खाली ऊन असणारच. ढग माझ्या पाठीमागे आहे."

"तुमच्या पाठीमागे नेहमीच काहीतरी असतं. बायको नाही म्हणून ढग."

"वहिनी."

"बरं. लोक चिडलेत. एकाला दवाखान्यात पोचायचंय. सोडू?"

त्याचा तळहात फोनला चिकटला होता. समोर शाळेची भिंत स्वच्छ दिसत होती, खिडक्या मोजता येतील इतकी.

"थांबवा," तो म्हणाला.

"थांबवते."

साडेआठ. तापमान नऊ. वारा नाही.

आभाळ धुतल्यासारखं निळं. एक पक्षी बोलायला लागला. अशा वेळी कोणीही 'सोडा' म्हणेल. वर्षानुवर्षं दिवसातून तीनदा माणूस एकच शब्द बोलतो, मग तो कधी काय बोलला हे जिभेलाही आठवत नाही.

"दादाला फोन द्या," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, "ते रागावलेत. येत नाहीत."

"त्याला म्हणावं, माझ्यावर राग धर. पण फाटक उघडायचं नाही."

"सांगते."

"वहिनी, थांबवा. थांबवाच."

"थांबवलं, भाऊजी."

पावणेनऊ. नोंद नाही.

नऊ. तापमान एक. गारा.

पाठीमागचा ढग खिंडीत आला तेव्हा खिडकीची काच थरथरली. भिंत गेली, पूल गेला, धुराडं गेलं. तिसरं वळण गेलं. रस्ता पांढरा झाला आणि त्यावर कसलीही चाकोरी नव्हती. धाकटा खिडकीशी उभा राहून त्या कोऱ्या रस्त्याकडे बघत राहिला. मग आज पहिल्यांदाच त्याने पोटभर श्वास घेतला आणि चहा ठेवला.

खाली वहिनीने फोन ठेवला. खिडकीबाहेर फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. घाट बंद झाल्यापासून बस बोगद्यातून जात होती.

"झालं आजचं?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"वर्ष झालं गं. किती दिवस चालवणार हे?"

"भाऊजी खाली येईपर्यंत."

"त्याला काय ठाऊक नाही का? त्यानेच दोर लावून थोरल्याला दरीतून वर आणलं." सासूबाई खुर्चीवर टेकल्या. "आणि तू त्याच्याशी वाद कशाला घालतेस? ऊन पडलंय, लोक चिडलेत... पहिल्यांदाच 'हो' म्हणून मोकळं व्हावंस."

"वाद घातला नाही तर त्यांना खरं वाटत नाही, आई. त्या दिवशी घातला होता."

गारा आता दरीतही वाजायला लागल्या.

"कसा 'सोडा' म्हणून गेला, देव जाणे," सासूबाई म्हणाल्या. "आधी मानतच नव्हता. वहीत तुझ्या हातचं 'सोडा' दाखवलं, तेव्हा खाली बसला. तू तरी काय करणार? त्याने सांगितलं, तू लिहिलंस. पण एकदा... एकदाच 'थांबवा' म्हणाला असता तर माझा थोरला आज जेवायला असता."

सुनेने वही टेबलाच्या खणात सरकवली.

तो म्हणाला होता. तीनदा.