सुगंधाचं पत्र

मोबाइल नाचवतच अनुजा मागीलदारी आली. "आजी, लागला माझा नाव! कणकवलीक, नर्सिंगाक. सोमवारी हजर रवाचा आसा."

आनंदीबाईंनी नातीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आडाळ्यावर बसून बांगडे कापणाऱ्या सुगंधाचे हात बरबटलेले होते. तिने मनगटानेच पोरीला जवळ ओढलं. सुगंधा आनंदीबाईंची नणंद. लग्न केलं नाही, याच घरात साठी ओलांडली. भावाची मुलं तिच्या हाताखाली वाढली, आता नातवंडं वाढत होती.

"सोमवारी?" सुगंधा म्हणाली. "तीनच दिवस रवले. पोरीची तयारी कशी होतली?"

"होतली गो," आनंदीबाई हसत म्हणाल्या. "तुका तर रत्नागिरीक पोचाक दोनच दिवस दिल्ले."

बोलून गेल्या, आणि आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

सुगंधाचा हात बांगड्यावर थांबला. एकोणिसाव्या वर्षी तिने रत्नागिरीच्या नर्सिंगची परीक्षा दिली होती, त्याचं उत्तर कधी आलंच नव्हतं. "माका खंय पत्र इल्ला, वैनी?"

सावरून नेणं कठीण नव्हतं. वय झालं, दुसऱ्या कुणाचं आठवलं, एवढं म्हटलं असतं तरी सुगंधाने मान हलवली असती. बेचाळीस वर्षं ती वहिनीच्या शब्दावर विसंबत आली होती. त्यामुळेच की काय, आनंदीबाईंच्या तोंडून खोटं फुटेना.

"इल्ला," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आदी. पोस्टमनान माझ्या हातात दिल्यान. तू शेतात होतंस."

"मगे?"

"दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलंय. आज दितंय, उद्या दितंय म्हणान. तिसऱ्या दिवशी चुलीत घातलंय."

"आजी!" अनुजा किंचाळली.

सुगंधाने तिला हातानेच गप्प केलं. आनंदीबाई जमिनीकडे बघत बोलत राहिल्या, कुणी विचारलं नव्हतं तरी. "तुझी आये आंथरुणात. कूस बदलूक दोन माणसां लागत. माका सातवो म्हयनो. तू गेलंस तर माझा कसा होतला, ह्या एकच डोक्यात इला. मागसून सांगुचा होता. आये गेल्यार सांगतलंय म्हटलंय. ती गेली, तेव्हा तुझा वय निघान गेल्ला. मगे कसा सांगतलंय?"

कुंपणापलीकडून मासेवालीची स्कूटर भोंगा वाजवत गेली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

आता सुगंधा काय बोलेल ते आनंदीबाईंना पाठ होतं. माझं आयुष्य चुलीत घातलंस, म्हणेल. उद्यापासून तुझं तोंड बघणार नाही, म्हणेल. बेचाळीस वर्षं प्रत्येक गणपतीला त्यांनी ती वाक्यं मनात ऐकली होती, आणि ती ऐकून घ्यायची तयारीही केली होती.

सुगंधा उठली. नळाखाली हात धुतले, लुगड्याला पुसले. मग वहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे मी पास झाल्लंय?"

आनंदीबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी वर बघितलं.

"तां पत्र तू वाचलंस मां, वैनी? काय लिवला होता?"

"पयल्या यादीत तुझा नाव होता," आनंदीबाई कशाबशा म्हणाल्या. "तिसरा."

सुगंधा आता रडणार, असं वाटलं. पण तिचा चेहरा हळूहळू फुलत गेला, आणि एकोणीस वर्षांची, दोन वेण्यांची ती पोर क्षणभर जशीच्या तशी समोर उभी राहिली. ते मात्र आनंदीबाईंना बघवेना. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"ऐकलंस गो अनुजा?" सुगंधा म्हणत होती. "माका वाटा, मी ढ. तिसरा नाव होता माझा."