सराव परीक्षेचं फाटक

"विहंग, तू नुसता येऊन बस गा. उत्तरं येवो न येवो, गोल काळे कर आन झोप," वंदना मॅडम फोनवर म्हणाल्या.

विहंग मामाच्या गावाला होता. सकाळपासूनचा हा चौथा मामा.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाचे पैसे यंदा सरकारी अनुदानातून शाळाच भरणार होती. सरकारी पैशाची खोड अशी, की तो निघतो रमतगमत आणि हिशोब मागतो धावत. बाकं रिकामी दिसली, तर पुढच्या वर्षीच्या पोरांना दमडी मिळणार नव्हती. मॅडमनी चौकीदाराला बजावलं, "फाटक उघडंच ठेव गा. केव्हाही कोणी आलं तरी घे."

रोशनी मात्र फाटक उघडायच्या आधीच येऊन उभी होती. कोराडीहून, पहिल्या बसनं, आई अंजनाबाईंसोबत. पायात साधी चप्पल. कानातले काढून आईच्या मुठीत दिलेले.

"अवं, सराव आहे हा," मॅडम हसल्या. "इथं कोण तपासते तुले?"

"असू द्या, मॅडम."

वर्गात पंखा गरम हवा ढवळत होता. गौरांगनं उत्तरपत्रिकेत गोलांची नक्षी काढली आणि बाकावर डोकं टेकलं. बाकीचे त्याच वाटेवर. रोशनी तेवढी पानामागून पान सोडवत राहिली. अडली की पेन कपाळाला लावायची, पुन्हा खाली वाकायची.

अंजनाबाई बाहेर उन्हात, फाटकाला धरून उभ्या.

"सावलीत बसा न, बाई," मॅडम म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे. डॉक्टर होते तुमची."

"तिच्या बाबानं एकच साल देलं होतं, मॅडम. जरीपटक्यात कपड्याच्या दुकानात तिच्या कामाचं बोलून ठेवलं हाय त्यायनं." त्यांनी फाटकाकडं पाहिलं. "फाटक लावून घ्या न."

"काहून? येईल अजून कोणी."

"पोरगी आत गेली न आता. लावा."

मॅडमना गंमत वाटली. पण बाईचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी चौकीदाराला खूण केली. फाटक लागलं. अंजनाबाईंनी कडी हलवून पाहिली, मग कुठं सावलीला गेल्या.

घंटा झाली. पोरं जांभया देत पांगली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून मॅडम फाटकाशी आल्या. रोशनी आईच्या मुठीतून कानातले घेत होती.

"मस्त सोडवला वं पेपर. एकही प्रश्न सोडला नाही," मॅडम म्हणाल्या. "सरावाचा पैसाच परीक्षा होऊन गेल्यावर आला; या धावपळीत विचारायचंच राहिलं. मागच्या रविवारी खरी परीक्षा कशी गेली?"

रोशनीनं कानातल्याचं मळसूत्र फिरवून घट्ट केलं.

"बस उशिरा आली, मॅडम. फाटक लागून गेलं होतं."